गावकीपासून नगर-योजनेपर्यंत : कोकणातील सार्वजनिक वृक्षभूमीच्या रक्षणाचा एक विचार

१. विषयप्रवेश

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात, शास्त्री नदीच्या मुखाच्या उत्तरेस, समुद्राच्या अगदी काठी वेळणेश्वर हे गाव वसले आहे. श्रीवेळणेश्वराचे शिवालय, महाशिवरात्रीचा उत्सव आणि अनेक कोकणस्थ कुटुंबांचे कुलदैवत म्हणून असलेला लौकिक यांमुळे गावाचे नाव गावाबाहेरही सर्वत्र परिचित आहे. परंतु प्रस्तुत लेखात या गावाकडे क्षेत्र म्हणून पाहावयाचे नसून किनारपट्टीवरील ग्रामरचनेचा एक नमुना म्हणून पाहावयाचे आहे. समुद्राकडून आत येऊ लागले म्हणजे प्रथम पुळण, नंतर माडांची व पोफळींची आगरे, त्यांना लागून घरे व देवालय, त्यापलीकडे भाताची शेते आणि सर्वांच्या वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, असे पट्टे या किनाऱ्यावरील गावांत ओळीने लागतात. या रचनेचा कागदोपत्री आराखडा कोणी केलेला नाही. असे असूनही कोणती जागा बांधावयाची आणि कोणती मोकळी ठेवावयाची, याविषयी तिच्यात एक निश्चित शिस्त आढळते.

शहरातील हिरव्या जागांचे नियोजन व रक्षण हा विषय अलीकडे नगरपालिकांच्या कायद्यांच्या आधारे अभ्यासिला जातो. ही पद्धत उपयुक्त असली तरी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण महाराष्ट्रातील पुष्कळ नगरे ही कालची गावे आहेत आणि उद्याची नगरे आज गावेच आहेत. गुहागर हे तालुक्याचे ठिकाण आता नगरपंचायतीच्या कारभाराखाली आहे, तर त्याच तालुक्यातील वेळणेश्वर येथे ग्रामपंचायत आहे. दोहोंच्या मधले अंतर थोड्या मैलांचे आहे. परंतु झाड व मोकळी भूमी यांविषयीचे दोन ठिकाणचे कायदे निराळे आहेत. एका व्यवस्थेतून दुसरीत जाताना काय टिकते आणि काय गळून पडते, हा या लेखाचा प्रश्न होय.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी तीन कसोट्या हाती घेणे सोयीचे होईल. कोणत्याही सार्वजनिक भूमीविषयी पहिली विचारणा अशी की, तिची नोंद कोणाच्या दप्तरी आहे? दुसरी अशी की, तिच्यावर कुऱ्हाड किंवा कुदळ चालविण्यास नकार देण्याचा अधिकार कोणास आहे? आणि तिसरी अशी की, तिची नित्याची राखण कोण करतो? नोंद, नकार आणि राखण ही तिन्ही कामे एका संस्थेच्या हाती असताना भूमी टिकते आणि ती तीन ठिकाणी विभागली गेली म्हणजे भूमी जाते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. गावकी आणि देवरहाटी

कोकणातील सार्वजनिक वृक्षभूमीचे सर्वांत जुने रूप म्हणजे देवराई. रत्नागिरीकडे तिला देवरहाटी असेही म्हणतात. ग्रामदेवतेच्या स्थानाभोवती राखलेले हे रान बहुधा लहान असते, पण त्यातील वृक्षसंपदा आसपासच्या उघड्या डोंगरांशी ताडून पाहिली असता तिचे महत्त्व ध्यानात येते. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, वड यांसारखे जुने वृक्ष आणि गारंबीसारख्या प्रचंड वेली जेथे अजून उभ्या आहेत, अशा जागा किनारपट्टीवर पुष्कळदा देवाच्याच आहेत. १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून या विषयास विद्यापीठीय संशोधनात स्थान मिळाले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वनस्पतींचा नसून कारभाराचा आहे. देवरहाटीतील वाळलेले लाकूडही घरी न्यावयाचे नाही, असा दंडक अनेक गावी होता. देवळाच्या दुरुस्तीसाठी किंवा अन्य सार्वजनिक कामासाठी झाड हवेच असेल तर गावकीची बैठक बसे, मानकरी जमत, गुरव देवास कौल लावी आणि कौल अनुकूल मिळाला तरच पुढचे पाऊल टाकले जाई. शिमग्यात होळीसाठी जे झाड तोडावयाचे तेसुद्धा गावाने मिळून ठरविलेले असे. याच व्यवस्थेत सहाणेची गणना केली पाहिजे. ग्रामदेवतेची पालखी जेथे बसते त्या सहाणेभोवतीची मोकळी जागा कोणाच्याही घराच्या अंगणात मोडत नसे आणि तिच्यावर कोणी गडगा घालीत नसे.

कौलाकडे केवळ श्रद्धेचा विधी म्हणून पाहणारास त्यातील कारभाराचे अंग दिसत नाही. कौल लावण्यात वेळ जातो, मागणी उघड्यावर येते आणि मागणाऱ्यास साऱ्या गावासमोर कारण सांगावे लागते. आजच्या कायद्यात हरकती-सूचना मागविणे, सुनावणी घेणे आणि निर्णय लेखी देणे ही जी पथ्ये आहेत, त्यांचे कार्य येथे निराळ्या मार्गाने साधले जात होते. नोंद गावाच्या स्मरणात होती, नकार देवाच्या नावाने गावकी देत होती आणि राखण गुरव व मानकरी करीत होते. तिन्ही कामे गावाच्या सीमेच्या आत होती.

तथापि या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाही. गावकीत सर्वांना सारखे स्थान नव्हते. मानाची उतरंड जातीवर उभी होती, अस्पृश्य मानिलेल्या समाजास बैठकीत बरोबरीची जागा नव्हती आणि स्त्रियांच्या मतास अवकाश नव्हता. सरपणाची सर्वांत अधिक निकड ज्यांना होती, त्यांचाच शब्द निर्णयात सर्वांत कमी होता. देवराई टिकली ती एका विषम समाजाच्या धाकाने टिकली, हेही नमूद केले पाहिजे. म्हणून आज त्या व्यवस्थेचे पुनरुज्जीवन करावे असा पक्ष येथे मांडावयाचा नाही. तिच्यातील तीन कार्यांचा संयोग तेवढा पाहावयाचा आहे.

३. राजसत्ता आणि झाडे

गावाबाहेरील सत्तेनेही झाडांविषयी नियम केले होते. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आणि सुमारे १७१५ मध्ये रचिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आला आहे. राज्यातील साग परवानगीने तोडावा. आंबा-फणसासारख्या झाडांस मात्र धन्याच्या संमतीवाचून हात लावू नये, कारण ती वाढण्यास पुष्कळ वर्षे लागतात आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे जोपासलेली असतात, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. आरमाराची गरज निकडीची असतानाही नकाराचा अधिकार रयतेकडे ठेवावा, ही त्यातील राजनीती लक्षात घेण्याजोगी आहे.

१८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला, त्यानंतरचा अनुभव याच्या उलट बाजूने बोधप्रद आहे. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरात असा वृत्तान्त आढळतो की, आरंभीच्या काळातील कलेक्टर डनलॉप यांनी सरकारचा झाडांवरील हक्क सोडून दिला. लोकांस मालकी मिळाली की ते साग व इतर वृक्ष राखतील आणि वाढवतील, अशी त्यांची अपेक्षा होती. परिणाम विपरीत झाला. लाकडास बाजार होता, मुंबईसारखे वाढते शहर समुद्रमार्गाने जवळ होते, आणि जिल्ह्यातील डोंगर भराभर उघडे पडले. मालकी दिली म्हणजे राखण आपोआप होते, हा सिद्धान्त या किनाऱ्यावर एकदा प्रत्यक्षात तपासला गेला आणि तो टिकला नाही. ज्या जागी मालक देव होता आणि नकार देणारी गावकी जिवंत होती, त्या जागी झाडे राहिली.

पुढे १८८० चा खोती कायदा, खोतीविरुद्धचे दीर्घ आंदोलन, १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेले खोती नष्ट करण्याचे विधेयक आणि अखेर १९४९ चा खोती निर्मूलन कायदा, या मार्गाने कुळांची सुटका झाली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल अत्यावश्यक होते, यात शंका नाही. परंतु त्याच ओघात पडीत व अकृषित जमिनींचा हक्क सरकारकडे गेला, आणि १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने वनस्वरूप खासगी जमिनीही सरकारजमा झाल्या. काही गावांत देवरहाटीची नोंद सरकारच्या नावाने झाली. देव तोच राहिला, राखणदारही तेच राहिले. नोंद मात्र गावाबाहेर गेली. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने नकाराचा अधिकारही दिल्लीपर्यंत नेला. रक्षणाची भिंत त्यामुळे उंच झाली, हे खरे. पण ती राखणाऱ्याचा आणि नोंद ठेवणाऱ्याचा परस्परांशी संबंध उरला नाही.

४. नगरपालिका आणि उद्यान

आता नगरांकडे वळू. मुंबई इलाख्याच्या १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यात नगरपालिकेच्या कर्तव्यांचे दोन वर्ग केले होते. दिवाबत्ती, सफाई, रस्ते ही आवश्यक कर्तव्ये. उद्याने, बागा व रस्त्याकडेची झाडे ही ऐच्छिक. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमातही सार्वजनिक उद्यानांची जागा ऐच्छिक कर्तव्यांतच राहिली. उत्पन्न तोकडे असलेल्या छोट्या नगरपालिकेने ऐच्छिक कर्तव्य सर्वांत शेवटी करावे, हे ओघानेच आले. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण, पर्यावरणाचे रक्षण, उद्याने व क्रीडांगणे हे विषय घातले. पण अनुसूचीत विषय येणे आणि अंदाजपत्रकात रक्कम येणे या दोन गोष्टींत अंतर असते.

मोकळी जागा आधी राखावी आणि वस्ती नंतर बसवावी, हे तत्त्व मुंबईत प्लेगनंतर रुजले. १८९६ च्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागात ज्या योजना आखल्या, त्यांत उद्याने आराखड्याचाच भाग होती. माटुंग्याजवळची पाच उद्याने आणि १९२५ मध्ये लोकांस खुले झालेले माहीम पार्क ही त्याची उदाहरणे होत. १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या सुमारास, माहीम पार्कला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. ट्रस्टजवळ जमीन, आराखडा आणि देखभालीचे बळ ही तिन्ही होती, म्हणून रेषेवर काढलेले मैदान मैदानच राहिले. १९३३ मध्ये ट्रस्ट नगरपालिकेत विलीन झाला, पण तोवर जागांचे स्वरूप पक्के झाले होते.

आजच्या नियोजनाचा पाया १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात आहे. नगरपरिषदेने आपल्या हद्दीचा विकास आराखडा तयार करावा, त्यात उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागांसाठी आरक्षणे दाखवावी, मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती ऐकाव्या आणि मग तो राज्य शासनाकडे मंजुरीस पाठवावा, असा त्याचा क्रम आहे. आराखड्याची वीस वर्षांनी फेरतपासणी व्हावी, अशीही अपेक्षा आहे. म्हणजे रेषा नगरपरिषद काढते. अखेरचा शब्द मात्र शासनाचा असतो, आणि आरक्षण बदलावयाचे झाल्यास त्यासही शासनाची संमती लागते.

या अधिनियमाच्या १२७ व्या कलमाकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे. आरक्षित जमीन आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. ही मुदत मूळ सहा महिन्यांची होती, पुढील दुरुस्त्यांनी ती बारा आणि नंतर चोवीस महिने झाली. संपादनाचे पाऊल म्हणजे केवळ ठराव नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे. कोणाची जमीन अनिश्चित काळ अडवून ठेवणे योग्य नव्हे. परंतु लहान नगरपरिषदेच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, नकाशावरील हिरवा रंग हा दहा वर्षांच्या मुदतीचा आहे. तेवढ्या काळात पैसा उभा राहिला नाही तर रंग उडतो. देवरहाटीच्या नकारास मुदत नव्हती.

पुण्याच्या टेकड्यांचे उदाहरण याच संदर्भात पाहावे. १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेत नवी गावे आली आणि त्यांतील २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवरील सुमारे ९७८ हेक्टर भूमी जैवविविधता उद्यानासाठी राखण्याचा प्रस्ताव पुढे आला. तो तडीस जाण्यास दीर्घकाळ लागला. राज्य शासनाचा निर्णय २०१५ मध्ये झाला. टेकड्या हव्यात, याविषयी नागरिकांत मोठे मतैक्य होते. वाद होता तो मोबदल्याचा. रोख द्यावी की हस्तांतरणीय विकास हक्क द्यावा, या प्रश्नाभोवती वर्षे गेली आणि त्या वर्षांत टेकड्यांच्या पायथ्याशी बांधकामे होत राहिली. यातील शिकवण अशी की, हिरव्या जागेचा शत्रू नेहमी विरोधक असतो असे नव्हे. पुष्कळदा विलंब हाच असतो.

येथे एक परदेशी उदाहरण तुलनेसाठी घेता येईल. लंडनजवळच्या एपिंग अरण्यात जमीनदारांनी कुंपणे घालण्यास आरंभ केला, तेव्हा लंडन सिटी कॉर्पोरेशनने, आपल्या मालकीच्या जमिनीमुळे मिळालेल्या चराईच्या सामाईक हक्काचा आधार घेऊन त्यांच्याविरुद्ध दावा लावला आणि १८७४ मध्ये तो जिंकला. १८७८ च्या कायद्याने त्याच कॉर्पोरेशनास अरण्याचे रक्षक नेमले आणि ते मोकळे ठेवण्याचे बंधन घातले. नोंद, नकार आणि राखण पुन्हा एका हाती आली. गावाचा सामाईक हक्क हाच नगराच्या हिरव्या जागेचा पाया होऊ शकतो, हे त्यावरून दिसते.

५. झाड एक, कायदे दोन

भूमीच्या नियोजनाहून झाडाचे रक्षण कायद्यात निराळे मानिले आहे. नागरी क्षेत्रांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यान्वये वृक्ष प्राधिकरण नेमावे, वृक्ष अधिकारी असावा, झाडांची पाच वर्षांनी गणना व्हावी आणि परवानगीवाचून झाड तोडू नये. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडास वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याचे तत्त्व आणले. ग्रामीण भागात मात्र हा अधिनियम लागू नाही. तेथे १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा चालतो आणि तो साग, हिरडा, खैर, आंबा, फणस, चिंच, मोह अशा अनुसूचित जातींपुरता आहे. त्यामुळे शंभर वर्षांचा एखादा वृक्ष नगरपंचायतीच्या हद्दीत असता तर वारसा ठरला असता. ग्रामपंचायतीच्या हद्दीत तो अनुसूचीबाहेरील एक झाड एवढाच राहतो.

ग्रामपंचायतीचे हात अगदी रिकामे आहेत असे नाही. १९५८ च्या अधिनियमाप्रमाणे रस्त्यांच्या कडेस व सार्वजनिक जागी झाडे लावणे व जतन करणे हे पंचायतीच्या कामांत आहे; मोकळ्या जागा, पडीत व चराऊ जमिनी शासन तिच्याकडे निहित करू शकते. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी, असे ठरविले आणि लोकांच्या नोंदवहीस कायद्याचे स्थान दिले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील देवराईत जायफळाच्या कुळातील वृक्षांची दलदल आहे. तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, तो याच कायद्यान्वये. गावाने राखलेली जागा आधुनिक कायद्याच्या भाषेत नोंदविता येते, याचा हा पुरावा होय.

६. गाव नगर होते तेव्हा

दापोली, मंडणगड, गुहागर, देवरुख, लांजा ही रत्नागिरी जिल्ह्यातील तालुक्याची गावे आज नगरपंचायती आहेत. गावाचे नगर होणे हा बहुधा एका अधिसूचनेचा विषय असतो. पण त्या एका दिवशी जुनी बंधने सैल होतात आणि नवी अजून यावयाची असतात. वृक्ष प्राधिकरण कागदावर यावयास वेळ लागतो, विकास आराखडा होण्यास वर्षे लागतात. मधल्या काळात भूखंड पडतात. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर वा अधिक क्षेत्राच्या रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. हा नियम स्तुत्य आहे, पण तो नव्या तुकड्यांस जन्म देतो. सहाण, देवरहाटी किंवा किनाऱ्यावरील आगर यांस तो ओळखत नाही.

किनाऱ्याच्या गावांस आणखी एक पेच आहे. १९९१ पासूनच्या किनारा नियमन अधिसूचनांनी ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरांचा पट्टा बांधकामापासून सामान्यतः मुक्त ठेवला. २०१९ च्या अधिसूचनेने, २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागांत हा पट्टा पन्नास मीटरांवर आणला. विरळ वस्तीच्या भागांत तो दोनशेच राहिला. नगरपालिका हद्दीतील, किनाऱ्यापर्यंत विकसित झालेल्या क्षेत्रास तर निराळा वर्ग आहे आणि तेथे असलेल्या रस्त्याच्या वा इमारतींच्या आतील बाजूस बांधकामास अवकाश आहे. म्हणजे पुळणीवरच्या माडांचे भवितव्य केवळ माडांवर अवलंबून नाही. गावाची लोकसंख्या किती दाखविली गेली आणि गावास कोणते नाव मिळाले, यावरही ते ठरते. वेळणेश्वरसारख्या गावाच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. पर्यटन वाढले आहे, गावात २०१२ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि समुद्राकडील जमिनीचे मोल आगरातील नारळावर मोजण्याचे दिवस मागे पडत आहेत.

७. उपसंहार

वरील विवेचनाचे सार असे की, कोकणातील वृक्षभूमी श्रद्धेने टिकली, कायद्याने टिकली किंवा मालकीने टिकली, ही तिन्ही विधाने अर्धसत्य आहेत. नोंद, नकार आणि राखण यांचा संयोग जेथे झाला तेथे ती टिकली. गावकीत हा संयोग होता, पण समता नव्हती. आधुनिक व्यवस्थेत समतेचे तत्त्व आहे, मतदान आहे, हरकतीचा हक्क आहे. पण नोंद तलाठ्याकडे, नकार मंत्रालयात आणि राखण कोणाकडेच नाही, अशी स्थिती वारंवार उद्भवते.

यावर उपाय सुचविणे हे इतिहासलेखकाचे मुख्य काम नव्हे. तरी एवढे म्हणता येईल की, गाव नगर होण्यापूर्वी त्याच्या सामाईक जागांची यादी ग्रामसभेने करावी, ती जैवविविधता नोंदवहीत उतरवावी आणि नव्या नगरपंचायतीच्या पहिल्या आराखड्यात तीच यादी प्रथम ठेवावी, यास प्रचलित कायद्यात कोठेही अडथळा नाही. देवरायांचे सर्वेक्षण व नोंदणी करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातील ओरणांच्या संदर्भात जे निर्देश दिले, त्यांचा रोखही याच दिशेने आहे. त्या ग्रामसभेत मात्र पूर्वी ज्यांना गावकीत जागा नव्हती त्यांचा शब्द प्रथम ऐकिला गेला पाहिजे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या क्षेत्रात भरपूर काम आहे. एकेका गावाचे जुने सर्व्हे नकाशे, सातबारावरील इतर हक्कांच्या नोंदी, पंचायतीची ठरावपुस्तके आणि वृद्धांच्या स्मरणातील सीमा एकत्र मांडून पाहिल्या, तर कोणती सहाण कधी आक्रसली आणि कोणती राई कोणाच्या नोंदीत गेली, हे सांगता येईल. ठरावपुस्तकांस वाळवी लागते आणि स्मरण माणसाबरोबर जाते. म्हणून हे काम विकास आराखड्याची रेषा पडण्यापूर्वी व्हावयास हवे. रेषा पडल्यावर उरतो तो केवळ दाव्यांचा इतिहास.